लॅकवॉनाचे येमेनी आणि चष्म्याचा नंबर काढणारा फोटोग्राफर

सरोवरकाठची

अमेरिकेतल्या बफेलोहून ईरी सरोवराच्या कडेकडेने दक्षिणेला निघालं की थोड्याच वेळात लॅकवॉना लागतं. उजवीकडे सरोवर, आणि सरोवर नि रस्ता यांच्या मधे लांबच लांब मोकळी जमीन. तिच्यावर आता पवनचक्क्या फिरतात. इथे नवीन होते तेव्हा मला कळायचं नाही, पाण्याकाठची एवढी जागा अशी ओसाड का ठेवलीय. मग ऑफिसातल्या एका वयस्कर सहकाऱ्याने सांगितलं की इथे बेथलेहेम स्टीलचा कारखाना होता. भरभराटीच्या काळात वीस हजार माणसं तिथे राबत होती. १९८३ साली पोलाद बनवणं थांबलं आणि गावाचा कणा मोडला.

गावाचं नावसुद्धा कारखान्याचंच. पेनसिल्व्हेनियातल्या स्क्रँटनहून लॅकवॉना स्टील कंपनी सरोवराकाठी आली, तिच्याभोवती वस्ती झाली आणि १९०९ मध्ये तेच नाव घेऊन स्वतंत्र शहर झालं. १९२२ मध्ये बेथलेहेमने कंपनी विकत घेतली. रेल्वेच्या रुळांच्या एका अंगाला कारखाना आणि कामगारांचा फर्स्ट वॉर्ड, दुसऱ्या अंगाला बाकीचं गाव. फर्स्ट वॉर्डात पोलिश होते, हंगेरियन होते, अमेरिकेच्या दक्षिणेतून आलेले कृष्णवर्णीय होते, पोर्तो रिकोचे होते. आणि येमेनी होते.

येमेनी पुरुष आधी एकेकटे आले. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांची संख्या वाढली. एका खोलीत चारचार जण राहायचे, भट्टीवरची नाहीतर कोक ओव्हनवरची (कोळसा भाजून कोक करायच्या भट्ट्यांवरची) पाळी करायचे, पगारातला मोठा हिस्सा डोंगरातल्या गावी पाठवायचे. काही वर्षांनी घरी जायचं, लग्न करायचं, मूल झालं की परत यायचं. १९६५ च्या स्थलांतर कायद्यानंतर बायकामुलं येऊ लागली आणि खोल्यांची घरं झाली.

या माणसांचे फोटो सत्तरच्या दशकात मिल्टन रोगोविन यांनी काढले. त्यांच्याबद्दल मराठीत फारसं वाचायला मिळालं नाही, म्हणून हा धागा.

रोगोविन हे पेशाने ऑप्टोमेट्रिस्ट. १९०९ चा जन्म, न्यूयॉर्क शहरातला. आईवडील लिथुआनियातून आलेले ज्यू. १९३८ मध्ये बफेलोत आले आणि चष्म्याचे नंबर काढायचा व्यवसाय सुरू केला. गिऱ्हाईक बरंचसं कामगार आणि त्यांच्या संघटनांमधलं. स्वतः डाव्या विचारांचे. १९५७ मध्ये त्यांना अमेरिकन संसदेच्या, कम्युनिस्ट हुडकणाऱ्या त्या कुप्रसिद्ध समितीपुढे बोलावलं गेलं. त्यांनी उत्तरं द्यायला नकार दिला. दुसऱ्या दिवशी स्थानिक वर्तमानपत्राने त्यांना 'बफेलोतला सगळ्यात मोठा लाल' ठरवलं. गिऱ्हाईक तुटलं, धंदा निम्म्यावर आला. पत्नी अ‍ॅन शिक्षिका होत्या, त्यांच्या पगारावर घर चाललं.

आपलं तोंड बंद केलं गेलं तर आता कॅमेऱ्याने बोलू, असं ठरवून ते १९५८ मध्ये फोटोग्राफीकडे वळले. संगीत शिकवणारे एक प्राध्यापक मित्र कृष्णवर्णीयांच्या छोट्या चर्चमधली गाणी रेकॉर्ड करत होते, त्यांच्यासोबत हे कॅमेरा घेऊन गेले. मित्राचं काम लवकर संपलं, यांचं तीन वर्षं चाललं. १९६२ मध्ये ते फोटो 'अ‍ॅपर्चर' मासिकात छापून आले तेव्हा प्रस्तावना होती प्रसिद्ध कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस यांची. पुढे अ‍ॅपलाचियातले खाणकामगार, बफेलोचा लोअर वेस्ट साइड, पोलाद कारखान्यांतले स्त्रीपुरुष आणि लॅकवॉनाचे येमेनी. 'श्रीमंतांचे फोटोग्राफर त्यांच्याकडे असतातच, मी विसरलेल्यांचे फोटो काढतो,' हे त्यांचं वाक्य इथे बऱ्याच जणांना पाठ आहे.

फोटो चौकोनी, कृष्णधवल. माणूस मधोमध, नजर थेट आपल्याकडे. कसं उभं राहायचं, कुठे बसायचं, शेजारी कोणाला घ्यायचं हे त्या माणसाने ठरवायचं. रोगोविन फक्त वाट पाहायचे. आणि प्रिंट झाला की त्याची प्रत नेऊन द्यायचे, फुकट.

हे सगळं वाचून झालेलं असतानाही मी गेल्या उन्हाळ्यात एक चूक केली. फर्स्ट वॉर्डात फुटबॉलचा सामना चालला होता. मैदानाच्या कडेला घडीच्या खुर्च्यांवर चारपाच म्हातारे बसले होते, एकाच्या हातात थर्मास. ऊन तिरपं झालेलं. मी लांबूनच मोठी लेन्स लावून सातआठ फोटो काढले. थर्मासवाले आजोबा उठले, सावकाश चालत आले आणि म्हणाले, 'बेटा, हे कशासाठी?' आवाजात राग नव्हता. माझ्याकडे उत्तर नव्हतं. चांगला उजेड होता, हे काही उत्तर होत नाही. मी त्यांच्यासमोर ते फोटो पुसले. ते म्हणाले, 'आमच्या गल्लीत एकदा खूप कॅमेरे आले होते. तेव्हापासून आम्ही विचारतो.'

ते २००२ बद्दल बोलत होते. त्या सप्टेंबरात इथल्या सहा येमेनी-अमेरिकन तरुणांना अटक झाली. अकरा सप्टेंबरच्या आधी, २००१ च्या वसंतात, ते अफगाणिस्तानातल्या अल कायदाच्या प्रशिक्षण तळावर जाऊन आले होते. सहाही जणांनी गुन्हा कबूल केला, त्यांना सात ते दहा वर्षांच्या शिक्षा झाल्या. पण त्या महिन्यात टीव्हीच्या गाड्यांनी सगळाच्या सगळा वॉर्ड जगाला दाखवला. शाळेतून येणारी मुलं, दुकानासमोर उभे असलेले बाप्ये, बुरख्यातल्या बायका. ज्यांचा कशाशी संबंध नव्हता ती माणसं बातमीच्या मागच्या पडद्यावर आली. कोणी विचारलं नाही, कोणी प्रत आणून दिली नाही.

गल्ल्या त्याच. त्याच्या पंचवीस वर्षं आधी तिथे एक माणूस विचारून आत आला होता.

*

डार्करूम

सरोवरताई, अप्रतिम धागा. एक तांत्रिक गोष्ट सांगतो, कारण ती नुसती तांत्रिक नाही.

रोगोविन यांचा कॅमेरा रोलायफ्लेक्स. दोन भिंगांचा, एकशेवीसच्या रिळावर बारा चौकोनी फोटो देणारा. हा कॅमेरा डोळ्याला लावत नाहीत, पोटाशी धरतात. वरचं झाकण उघडलं की खाली दुधी काचेवर चित्र दिसतं, तेही उजव्याडाव्याची अदलाबदल झालेलं. म्हणजे फोटो काढणाऱ्याला मान खाली घालावी लागते. समोरच्याला काय दिसतं? आपल्यापुढे एक म्हातारा मान लववून उभा आहे. डोळ्याला लावलेला कॅमेरा, त्यातून लांब लेन्सचा, समोरून बंदुकीसारखा दिसतो. माझ्याकडे वडिलांचा याशिका आहे, त्याच घडणीचा. लग्नात डिजिटल कॅमेऱ्यापुढे आखडणारी माणसं याशिकापुढे कशी सैलावतात ते मी स्वतः पाहिलंय.

शिवाय बाराच फोटो. एका माणसावर तीनचार खर्च करायचे म्हणजे तोवर गप्पा मारणं आलं, बसणं आलं.

*

निळावंती

खूप आवडलं. वाचनखूण साठवली. थर्मासवाल्या आजोबांचं वाक्य डोक्यातून जात नाहीये.

*

गिरणगावकर

लेख चांगला आहे, पण मला एक खटकतं ते मोकळेपणाने लिहितो.

माझे वडील लालबागच्या एका गिरणीत स्पिनिंगला होते. गिरणी कामगारांचे फोटो मीही बरेच पाहिलेत. माणूस नीट कपडे करून सोफ्यावर बसला, कॅमेऱ्याकडे बघितलं, मान ताठ. छान. पण खात्यातला कापसाचा कोंडा, कानठळ्या, रात्रपाळीनंतरचे डोळे, ते कुठे दिसणार? वडील जगले त्यातले आठ तास रोज तिथे गेले. ज्याने त्याने आपल्याला हवं तसं उभं राहायचं म्हटलं तर प्रत्येक जण आपलं दुःख पाठीमागे लपवूनच उभा राहणार. मग त्या फोटोला दस्तऐवज म्हणायचं की नुसतं व्यक्तिचित्र? कोक ओव्हनचं काम म्हणजे काय असतं हे ज्याला माहीत आहे त्याला हा प्रश्न पडणारच. त्या भट्ट्यांच्या माथ्यावर काम करणाऱ्यांना फुप्फुसाचा कर्करोग जास्त होतो, हे अमेरिकेतल्याच पोलाद कामगारांच्या अभ्यासातून पुढे आलेलं आहे.

*

सरोवरकाठची

@गिरणगावकर, तुमचा मुद्दा मनापासून पटला. म्हणून रोगोविन यांच्या एका वेगळ्या मालिकेबद्दल सांगते, लेखात ती नुसती उल्लेखून पुढे गेले होते.

१९७६ पासून दहाअकरा वर्षं त्यांनी बफेलोच्या आसपासच्या पोलाद कारखान्यांत, ओतशाळांत, मोटारींच्या कारखान्यांत कामगारांचे फोटो काढले. आधी कामावर. शिरस्त्राण, काजळलेला चेहरा, जाडजूड हातमोजे, मागे यंत्र. मग त्याच माणसाला विचारायचं, तुमच्या घरी येऊ का? आणि दुसरा फोटो घरी. दोन्ही शेजारी शेजारी लावायचे.

ही जोडी पाहताना काय होतं सांगू? कामावरच्या फोटोत बाई आहे की बाप्या हेही कधी पटकन कळत नाही, इतके ते कपडे माणसाला गिळून टाकतात. शेजारच्या फोटोत तीच बाई आपल्या दिवाणखान्यात, मुलांसोबत, आवडत्या वस्तूंच्या मधे. मग डोळे आपोआप पहिल्या फोटोकडे परत जातात, आणि यंत्रापुढे उभी असलेली ती कोणीतरी होऊन जाते. तुमच्या वडिलांचे आठ तास आणि उरलेले सोळा तास, दोन्ही.

आणि ही मालिका चालू असतानाच बेथलेहेम बंद झालं. ज्यांचे फोटो काढले त्यांतल्या कित्येकांची ती नोकरी गेली. लोअर वेस्ट साइडला तर ते १९७२ पासून २००२ पर्यंत पुन्हा पुन्हा गेले. तेच कुटुंब चार वेळा, तीस वर्षांत. शेवटच्या फेरीला स्वतःचं वय नव्वदीच्या पुढे. तिथेही सुरुवातीला लोकांना वाटलं होतं की हा पोलिसांचा माणूस आहे. प्रती वाटायला लागले तेव्हा दारं उघडली.

*

गिरणगावकर

जोड्यांचं माहीत नव्हतं. शोधून पाहिल्या. एका फोटोपाशी बराच वेळ थांबलो. माझं म्हणणं अर्धं मागे घेतो, अर्धं ठेवतो.

*

टाइनकाठचा

इंग्लंडहून. मी ईशान्येला टाइन नदीच्या मुखाशी, साउथ शील्ड्सच्या जवळ राहतो. येमेनी आणि औद्योगिक गाव म्हटल्यावर लिहिल्यावाचून राहवेना.

इथला येमेनी समाज लॅकवॉनाहून थोडा जुना. पोलादाच्या जागी इथे कोळसा आणि जहाजं. वाफेच्या जहाजाच्या पोटात भट्टीत कोळसा ओढायला माणसं लागायची, ती येमेनच्या एडन बंदरात जहाजावर चढवायची. तीच माणसं टाइनवर उतरली. १९०९ मध्ये अली सईद यांनी इथे अरब खलाशांसाठी पहिली खाणावळ उघडली. खाणावळ म्हणजे सगळंच. राहायला जागा, हलाल जेवण, पत्र लिहून देणारा माणूस, आणि पुढचं जहाज मिळेपर्यंत उधारी. पहिल्या महायुद्धात इथले शेकडो येमेनी जहाजांसोबत बुडाले. आणि युद्ध संपल्या संपल्या, १९१९ मध्ये, गोऱ्यांच्या नोकऱ्या खाता म्हणून इथल्या नदीकाठच्या मिल डॅम भागात त्यांच्यावरच हल्ले झाले. १९३० मध्ये पुन्हा. अरब नि सोमाली खलाशांना पाळीपाळीनेच कामाला घ्यावं अशी यादीपद्धत जहाजमालक आणि खलाशांच्या संघटनेने मिळून आणली होती, तिला विरोध करताना २ ऑगस्टला पोलिसांशी मारामारी झाली. कित्येकांना तुरुंगात घातलं, नंतर देशाबाहेर काढलं. अली सईद यांनाही.

तरीही बरेच जण राहिले. इथल्या मुलींशी लग्नं केली. गावातल्या लेगेट भागात मशीद आहे, तिथे १९७७ मध्ये मुहम्मद अली स्वतः आले होते, त्यांच्या लग्नाला तिथे आशीर्वाद दिला गेला. गावात ती गोष्ट अजून घरोघरी सांगतात.

फोटोंचं म्हणाल तर २००८ मध्ये गेट्सहेडच्या बाल्टिक कलादालनात एक प्रदर्शन झालं. टीना घरावी या चित्रपटदिग्दर्शिकेने साउथ शील्ड्सच्या उरलेल्या चौदा येमेनी खलाशांच्या मुलाखती चित्रित केल्या, आणि युसुफ नबील या इजिप्शियन छायाचित्रकाराने त्यांचे फोटो काढून ते हाताने रंगवले. जुन्या स्टुडिओत रंगवायचे तसे. म्हातारे खलाशी सिनेनटांसारखे दिसतात. काही जणांना ते गोड-गोड वाटलं. मला वाटलं नाही. आयुष्यभर जहाजाच्या तळाशी काळे होऊन काम केलेल्या माणसाच्या गालावर कोणीतरी बसून, ब्रश घेऊन, हलक्या हाताने रंग भरतंय, यात मला फार माया दिसली.

आणि शेजारीच न्यूकॅसलला साइड गॅलरी होती. १९७७ पासून कामगारवस्त्यांची छायाचित्रं तिथे त्याच भागातल्या माणसांना पाहायला मिळायची. २०२३ मध्ये अनुदान थांबल्याने ती बंद झाली. त्याचं दुःख आहे.

*

खाडीपलीकडचा

टाइनकाठचे दादा, एडनचं नाव निघालं म्हणून सांगतो. आम्ही दाभोळ खाडीवरचे. आमचे आजे जहाजावर होते. डेकवर खलाशी म्हणून लागले, शेवटी तांडेल होऊन उतरले. खाली इंजिनात आगवाले आणि कोळसेवाले. आजे म्हणायचे, डेकवरच्या माणसाला समुद्र दिसतो, आगवाल्याला फक्त आग दिसते. पाळी संपवून वर आलेल्या आगवाल्याशी पहिली दहा मिनिटं कोणी बोलायचं नाही, असा जहाजावरचा शिरस्ता होता.

एडन म्हणजे आपल्याकडे शाळेच्या पुस्तकात वासुदेव बळवंत फडके. १८८३ मध्ये तिथल्याच तुरुंगात त्यांचा अंत झाला. त्यांना तिथे का नेलं? कारण १८३९ मध्ये मुंबईहून गेलेल्या फौजेने एडन घेतलं आणि पुढे जवळजवळ शंभर वर्षं ते मुंबई इलाख्यातून चालायचं. एडनच्या बाजारात १९५१ पर्यंत रुपया चालत होता. आज्यांच्या बोलण्यात एडन परदेश नव्हताच. मुंबई, एडन, मग पुढे विलायत.

त्या खाणावळींचं वाचून मला धोबी तलावच्या गोवेकरांच्या कुडी आठवल्या. गावागावाची वेगळी कूड. बोट मिळेपर्यंत खलाशांनी, खानसाम्यांनी तिथे पेटी टाकून राहायचं. येमेन्यांचं नि आपलं दुखणं एकच होतं, बोट कधी मिळेल.

आता फोटोचं. आज्यांचा आमच्याकडे एकच फोटो आहे, तो नल्लीतला. जहाजाच्या नोकरीच्या पुस्तकाला आमच्यात नल्ली म्हणतात. फोटोवर अर्धा शिक्का, शेजारी अंगठा. आज्यांचे डोळे असे की कोणीतरी ओरडलंय, 'सरळ बघ'. तो माणूस तसा नव्हता. फार हसरा होता.

*

टाइनकाठचा

@खाडीपलीकडचा, तुमचं वाचून एकदम जुळलं. इथे १९२५ मध्ये सरकारने हुकूम काढला की गौरेतर खलाशांनी पोलिसांकडे परदेशी म्हणून नोंद करायची. आपण ब्रिटिश प्रजाजन आहोत हे ज्याला कागदाने दाखवता येईना तो परदेशी. एडनमध्ये जन्मलेला ब्रिटिश प्रजाजन, आणि मागच्या डोंगरात जन्मलेला नाही. पण त्या डोंगरात जन्माचा दाखला कोणाकडे असणार? मग दिलेल्या नोंदणीपत्रावर फोटो आणि अंगठा. कितीतरी येमेनी घरांत आजोबांचा पहिला फोटो तोच आहे. तुमच्या आज्यांसारखाच.

*

सरोवरकाठची

मी लेखात टीव्हीचे कॅमेरे आणि रोगोविन एवढाच विचार केला होता. पोलीस ठाण्यातला आणि बंदरातला कॅमेरा माझ्या लक्षातच आला नव्हता. तुम्हा दोघांचे आभार.

*

निळावंती

सरोवरताई, एक विचारू? या सगळ्यात बायका कुठे आहेत? खलाशी पुरुष, कामगार पुरुष, फोटोग्राफर बहुतेक पुरुष. येमेनमध्ये मागे राहिलेल्या बायकांनी वर्षानुवर्षं शेती सांभाळली असेल, सासूसासरे सांभाळले असतील. त्यांचा फोटो कोणी काढला? आणि ज्या आल्या त्यांना फोटो काढून घ्यायचाच नसेल तर?

*

सरोवरकाठची

@निळावंती, बरं झालं विचारलंस.

पुरुष एकेकटे आले म्हणून फोटोत पुरुष जास्त, हे एक कारण. दुसरं तू म्हणतेस तेच. बऱ्याच जणींना आपला चेहरा परक्या हातात जायला नको असतो, आणि तो त्यांचा हक्क आहे.

त्या फुटबॉलच्या प्रसंगानंतर मी कॅमेरा न घेता चारपाच वेळा गेले. तिथे एक किराण्याचं दुकान आहे, मागे छोटी खाणावळ. मालकीणबाई माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठ्या. तिसऱ्या खेपेला त्यांनी विचारलं, हुल्बा माहीत आहे का? मी नाही म्हटलं तर हात धरून मागे घेऊन गेल्या. पाहते तर आपली मेथी! मेथीच्या दाण्यांचं पीठ पाण्यात भिजत घातलेलं. वरचं कडू पाणी त्यांनी हलकेच ओतून टाकलं, आणि खाली उरलेला गोळा वाडग्यात घेऊन बोटांनी फेटायला लागल्या. पाच मिनिटं, दहा मिनिटं. पिवळट चिकट गोळा हळूहळू फुलून पांढरा, अंड्याच्या फेसासारखा झाला. मग उकळत्या सलत्यावर, म्हणजे त्यांच्या मटणाच्या रश्श्यावर, तो फेस चमच्याने सोडला. दगडाच्या भांड्यात रस्सा खदखदतोय आणि वरून मेथीचा पांढरा ढग. आईची मेथीच्या लाडवांची कढई आठवून मला तिथेच भरून आलं.

मी विचारलं, याचा फोटो काढू? त्या म्हणाल्या, 'हाताचा काढ. चेहऱ्याचा नको. आणि अंगठी दिसू दे, ती आईची आहे.'

घरी येऊन तो फोटो मोठा करून पाहिला. फेसाने माखलेली बोटं, वाडग्याची कड, आणि अंगठी. चेहरा नसूनही मला तो पूर्ण वाटतो. काय दाखवायचं नि काय झाकायचं हे त्यांनी ठरवलं.

*

पूर्वरंग

चर्चा उत्तम चालली आहे. थोडा विरोधी सूर लावतो.

विचारून, प्रत देऊन काढलेला फोटो सुंदरच. पण सगळं विचारूनच काढायचं म्हटलं तर जे सत्तेला लपवायचं असतं ते कधीच बाहेर येणार नाही. मिल डॅमवर लाठ्या पडत होत्या तेव्हा फोटोग्राफर कोणाची परवानगी घेणार होता? अमेरिकेत तर सार्वजनिक जागी फोटो काढायला कायद्याने परवानगी लागतही नाही. सरोवरताईंनी मैदानावर काही बेकायदा केलं नव्हतं.

*

सरोवरकाठची

@पूर्वरंग, बेकायदा नव्हतं, खरं आहे. पण त्या आजोबांनी मला कायदा विचारला नव्हता. कशासाठी, असं विचारलं होतं. लाठ्या पडत असताना फोटो काढणाऱ्याला 'कशासाठी'चं उत्तर देता येईल. मला देता आलं नाही, एवढाच फरक. मोर्च्यावर, दंगलीत, पोलिसांपुढे नियम वेगळे असणार, त्यात मी तुमच्यासोबत आहे. माझं म्हणणं शांत दुपारी खुर्चीत बसलेल्या माणसाबद्दल आहे.

*

डार्करूम

+१. आणि @पूर्वरंग, रोगोविन यांना सत्तेने काय दाखवलं नसतं याची पुरेपूर जाण होती. ते स्वतः तिच्या तावडीतून गेलेले. कारखान्यात कॅमेरा न्यायलाच कंपनीची परवानगी लागते. तिथे कामगारांना विचारणं ही त्यांची जास्तीची अट होती, ती कोणी घातली नव्हती.

@खाडीपलीकडचा, तुम्हाला एक सुचवू? नल्लीतला फोटो पुस्तकातून सोडवायचा प्रयत्न करू नका, जुना गोंद कागद फाडतो. पान उघडून सपाट ठेवा, खिडकीशेजारच्या उजेडात, फ्लॅश न वापरता, कॅमेरा बरोबर वरून धरून फोटो घ्या. स्कॅनरवर दाबला तर शिवण उसवते. शिक्का पुसून टाकायला मात्र कोणाला सांगू नका. तोही त्यांच्या आयुष्यातलाच आहे. चेहरा उजळून एक प्रिंट काढा, शिक्क्यासकट एक काढा.

*

खाडीपलीकडचा

डार्करूमभाऊ, मनापासून आभार. पान फूफीकडे आहे मंडणगडला. पुढच्या आठवड्यात जातो. ती ऐंशीच्या पुढे आहे, तिला आजे हसताना कसे दिसायचे ते आठवतं. फोटो काढताना तिला सांगायला लावतो आणि फोनवर रेकॉर्ड करून ठेवतो.

*

नर्मदाकाकू

सगळं सलग वाचलं. सरोवर, पुढे त्या थर्मासवाल्या आजोबांचं काय झालं गं? परत भेटले का?

*

सरोवरकाठची

भेटले काकू, परवाच. सामना नव्हता, मैदान रिकामं होतं, ते एकटेच फेऱ्या मारत होते. मीच पुढे जाऊन सलाम केला. त्यांनी ओळखलं. बोलता बोलता कळलं की बेथलेहेममध्ये ते कोक ओव्हनवर अकरा वर्षं होते, कारखाना बंद झाल्यावर बफेलोत कोपऱ्यावर दुकान काढलं, ते आता मुलगा बघतो.

मी म्हटलं, तुमचा एक फोटो काढायचा आहे. कशासाठी, ते आज सांगू शकते. आमच्या भाषेत लॅकवॉनाबद्दल लिहिलंय, लोक तुमच्याबद्दल विचारतायत. तो तिथे लावणार नाही, तुमच्या हातात देणार. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, इथे नको. मग चालत चालत मला पार रुळांच्या बाजूला घेऊन गेले, जिथून पवनचक्क्या दिसतात. कारखान्याचं फाटक कुठे होतं, त्यांची पाळी कोणत्या दाराने आत जायची, हे हाताने दाखवलं. मग कोटाची बटणं लावली, टोपी काढून खिशात घातली, पुन्हा बाहेर काढून डोक्यावर ठेवली आणि पवनचक्क्यांकडे पाठ करून उभे राहिले. मी डोळ्याला कॅमेरा लावला नाही. मागचा पडदा वर उघडून पोटाशी धरला, डार्करूम म्हणतात तसा. तीन फोटो घेतले.

निघताना विचारलं, किती प्रती आणू? त्यांनी बोटांवर मोजलं. एक दुकानात लावायला. एक नातीला, ती दुसऱ्या राज्यात शिकते. आणि एक गावी, थोरल्या बहिणीसाठी. तिकडे टपालाचा भरवसा नाही, पण ओळखीचा एक जण रमजानच्या आधी निघतोय, त्याच्या बॅगेत सपाट राहील अशा आकारात काढ म्हणाले. शनिवारी नेऊन देणार आहे.